डाव्या कानाची कड

माझ्या मुलीच्या फोटोतला डावा कान मोबाईलनं पुसला नव्हता. मी पुसला होता. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आण्णांना नाही, आणि जिचा कान तिला तर नाहीच. घरात सगळ्यांचा समज असा, की नव्या मोबाईलला कानाची कड ओळखता आली नाही आणि त्यानं कान मागच्या धुरकटात घालवला. हा समज मीच करून दिलाय. तो इतका पक्का बसलाय की अधूनमधून मलाही खरा वाटायला लागतो.

एका कानाचं एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. म्हणून आधी आमच्या घरातल्या कानांबद्दल सांगतो.

आण्णा म्हणजे माझे वडील. तरुणपणी पैलवान होते. तालमीच्या तांबड्या मातीत समोरच्याच्या डोक्याशी, दंडाशी कान घासून घासून आत रक्त साकळतं. ते घट्ट झालं की कानाच्या घड्या बुजतात आणि वाळलेल्या अंजिरासारखी गाठ उरते. असा मोडलेला कान पुन्हा उलगडत नाही. आण्णांचे दोन्ही तसे आहेत. लहानपणी मी त्यांच्याबरोबर मंडईत जायचो तेव्हा भाजीवाल्या आधी त्यांच्या कानांकडं बघायच्या आणि मग भाव सांगायच्या. एसटीत अनोळखी माणूस "या पैलवान" म्हणत सरकून जागा करायचा. नाव-गाव न विचारता, नुसते कान बघून. आण्णा जागा घ्यायचे आणि मला मांडीवर बसवायचे. मला वाटायचं, आपल्यालाही असे कान पाहिजेत.

मला ते जमलं नाही. दोन पावसाळे मातीत उतरलो, तिसऱ्याला आण्णाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे लेका. तुझं डोकं चालतंय, त्येच चालीव." त्यांनी हे पुन्हा कधी काढलं नाही. मी फौंड्रीत लागलो आणि आजतागायत तिथंच आहे.

माझं काम तपासणीचं. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडेला लोखंडाची पातळ पात राहते, ती घासून काढतात आणि मग तो नग माझ्या टेबलावर येतो. मी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवतो. डोळ्याला न दिसणारं अंगठ्याला कळतं. कधी ओतताना आत हवा अडकते आणि भोक पडतं. मग काही शहाणे त्यात पुट्टी भरतात, वरून रंग मारतात आणि नग चकचकीत करून पुढं ढकलतात. माझ्या टेबलावरून असा एकही नग मी जाऊ दिला नाही. मी फारसा बोलत नाही, मला मित्रही बेताचे. मिरवायचंच म्हटलं तर माझ्याकडं एवढंच होतं.

माझ्यात उतरलं नाही ते माझ्या मुलीत उतरलं. शाळेत असताना ती आण्णांच्या मागं लागली. कागलकडच्या एका तालमीत मुलींना शिकवत, तिथं आण्णा तिला पहाटेच्या एसटीनं घेऊन जायला लागले. बारावीच्या वर्षी तिचा डावा कान सुजला. डॉक्टरांनी सुईनं रक्त काढलं, पट्टी बांधली, काही दिवस मॅटवर जायचं नाही म्हणून बजावलं. ती गेली. कान पुन्हा भरला आणि तसाच घट्ट झाला. माझी बायको स्वयंपाकघरात बसून रडली. आण्णांनी त्या संध्याकाळी पेढे आणले.

मी पेढा खाल्ला. आण्णांच्या कानांनी मला एसटीत जागा मिळवून दिली होती. मुलीच्या कानानं तिला काय मिळणार, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून बसला. मी तो बोललो नाही. न बोललेल्या गोष्टी माझ्यात भाताच्या पेजेसारख्या हळूहळू घट्ट होत जातात.

ती आता एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मुलींना कुस्ती शिकवते. नोकरी लागल्यावर तिनं मला मोबाईल आणून दिला. "पप्पा, तुम्ही बोलत तर नाही. निदान फोटो तरी काढा," म्हणाली.

आणि मी खरंच फोटो काढायला लागलो. त्या मोबाईलमध्ये पोर्ट्रेट मोड होता. माणूस स्पष्ट, मागचं सगळं धूसर. ज्यांची घरं ऐसपैस आहेत त्यांना त्याचं महत्त्व कळणार नाही. आमच्या घरात कुणालाही कुठंही उभं केलं तरी मागं काहीतरी येतंच. सिलिंडर, पाण्याचा ड्रम, दोरीवर वाळणारे पायजमे, कॅलेंडरला टाचलेली लाइटची बिलं. पोर्ट्रेट मोडमध्ये ह्या सगळ्याचा नुसता रंग उरायचा. ड्रमची निळाई, पायजम्यांचा पांढरेपणा. आणि पुढं माझी बायको. मी इतक्या वर्षांत तिच्याकडं एवढं नीट बघितलं नव्हतं. तिच्या भुवईत एक पांढरा केस आहे, तो मला फोटोत कळला.

शेजारच्या काकूंना मी जिन्यात बसवून काढलं. मागं वीजमीटरच्या पेट्या आणि त्यांतून लोंबणाऱ्या वायरी. फोटो बघून काकूंनी पदर तोंडाला लावला. "अगं बया! ह्यो आपलाच जिना न्हवं? लग्नाच्या हॉलात बसल्यागत दिसायलोय की मी!" तो फोटो त्यांनी मोठा करून घरात लावला आहे. त्यांचं घर आमच्यापेक्षाही लहान.

त्याचे दोषही मला लवकरच दिसले, कारण कडा बघणं माझं कामच आहे. चष्म्याची काडी अर्धी स्पष्ट आणि अर्धी गायब. कपाचा कान आणि कप यांच्यामधल्या फटीतून दिसणारी भिंत तशीच लख्ख, आणि बाहेरची भिंत धूसर. मोकळे केस कात्रीनं कापून चिकटवल्यासारखे. आण्णांनी फेटा बांधून फोटो काढून घेतला, तर पाठीवर सोडलेला शेमला हवेत विरघळला. दिवाळीच्या पाडव्याला गल्लीतल्या एकानं सजवलेली म्हैस आणली, शिंगं रंगवलेली, कपाळावर मोरपिसं. मी हौसेनं फोटो काढला. मोबाईलनं एक शिंग ठेवलं आणि दुसरं मागच्या घरात घातलं. म्हशीचा मालक तो फोटो बघून हात जोडून म्हणाला, "पावणं, कुणाला दावू नका. एका शिंगाची म्हस म्हणून गावात मला कुत्रं भीक घालणार न्हाय."

हे असं का होतं, ते मी शोधून काढलं. तरुणपणी आमच्या ओळखीचा एक स्टुडिओवाला होता. त्याच्या कॅमेऱ्यात मागचं धूसर व्हायचं ते काचेतूनच तसं उतरायचं. फिल्मवर जे स्पष्ट आलं नाही ते कायमचं गेलं. मोबाईल आधी सगळं स्वच्छ टिपून घेतो, मग पुढं कोण आणि मागं कोण याचा अंदाज बांधतो, आणि ज्यांना मागचं ठरवलं त्यांना पुसतो. अंदाज चुकला की शिंग जातं. पण त्यात एक सोयही आहे. हे पुसणं फोटो काढून झाल्यावर कमी-जास्त करता येतं. फोटो उघडला की खाली एक पट्टी येते, ती बोटानं सरकवायची. एका टोकाला सगळं लख्ख, दुसऱ्या टोकाला सगळं लोण्यासारखं.

ती पट्टी मला ठाऊक होती, एवढं लक्षात ठेवा.

मुलीच्या मावशीनं एक स्थळ आणलं. इचलकरंजीचं. मुलाच्या घरचे यंत्रमाग होते, मुलगा शिकलेला, तोच ते बघायचा. मावशी म्हणाली, "माणसं साधी हायत. आधी फोटो मागितलाय तेवढा धाडा." मुलीची ना नव्हती. तिनं एवढंच सांगितलं, "मला मॅटवरून उतरवणारं घर नको, बाकी बघू."

फोटो गच्चीवर काढायचं ठरलं. सकाळचं कोवळं ऊन होतं. ती सरावाहून आली होती, घाईत निळी साडी नेसली आणि नेहमीसारखे केस मागं ताणून बांधले. बायको म्हणाली, "जरा केस कानावर घे की गं."

"का? थंडी नाही वाजत मला."

"अगं, फोटो हाय."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघून उभी राहिली. "पप्पा, काढा. शाळेला जातो मी, उशीर होतोय."

मी काढला. आणि इथंच खरी गंमत आहे. त्या दिवशी मोबाईलनं एकही चूक केली नाही. केसांची कड बरोबर, कानातल्या बारीक रिंगची कड बरोबर, आणि तो मोडलेला डावा कान, त्याच्या बुजलेल्या घड्यांसकट, स्वच्छ. ऊन त्याच्यावर पडलं होतं. इतका नेमका फोटो माझ्या हातून तोवर निघाला नव्हता.

दुपारी फौंड्रीत डबा खाऊन झाल्यावर मी तो उघडला. मावशीला पाठवायचा म्हणून. मग ती पट्टी सरकवली. नुसतं बघायला, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. कान चेहऱ्याच्या थोडा मागं असतो. पट्टी पुढं नेली तसा तो आधी मऊ झाला, मग त्याची कड गेली, आणि टोकाला नेल्यावर तिथं केसांच्या सावलीसारखं काहीतरी उरलं. चेहरा तसाच, डोळे तसेच, हसू तसंच. कुणालाही वाटावं, फार छान फोटो आहे. मी तो जतन केला आणि पाठवून दिला. ज्या अंगठ्यानं मी दिवसभर कडा तपासतो, त्याच अंगठ्यानं.

त्यानंतर जेवणाची सुट्टी संपली आणि मी पुट्टी भरलेला एक नग परत पाठवला. ज्यानं भरली होती त्याला चार शब्द सुनावलेही.

पाव्हणे रविवारी आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, आण्णा कॉटवर बसले. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. केस मागं बांधलेले. तिच्या मनात लपवायचं काही नव्हतंच, तिच्या हिशेबी फोटोत सगळं गेलेलं होतं.

मुलाच्या आईनं कप घेतला आणि त्यांची नजर कानावर थांबली. मग त्या हळूच म्हणाल्या, "फोटूत असं दिसलं न्हवतं."

"कसं?" मुलीनं विचारलं.

"कानाला काय लागलंय व्हय गं?"

"लागलं नाही. कुस्तीतला आहे. फोटोत आहे की तो."

मुलाच्या आईनं मोबाईल काढून तिच्यापुढं धरला. मुलीनं बघितलं. बराच वेळ बघितलं. तेवढ्यात आण्णा कॉटवरून गरजले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते सगळ्या जगाला कमी ऐकू येतं असं धरून बोलतात. "काय झालं? कान व्हय? माझं बघा की दोन्ही! माझं लगीनच ह्या कानावर ठरलं! सासरा मैदानात आलता, कुस्ती बघितली, कान बघितला आणि थितंच सुपारी फोडली!"

मुलाचे मामा हसले. मुलगाही हसला. खोलीत जरा हवा खेळली. मग मुलगी माझ्याकडं वळून म्हणाली, "पप्पा, माझा कान कुठं गेला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी बोललो. मी आयुष्यात सलग इतकं कधीच बोललो नव्हतो, लग्नात उखाणा घेतानासुद्धा नाही. मी सांगितलं, की पोर्ट्रेट मोडला खरी खोली कळत नाही, तो अंदाज करतो. कान चेहऱ्याच्या मागं असतो म्हणून कानाशी त्याची हमखास गडबड होते. चष्म्याच्या काडीचं सांगितलं, कपाच्या कानाचं सांगितलं, आण्णांच्या शेमल्याचं सांगितलं. म्हशीच्या शिंगाचं सांगितलं, तेव्हा मुलाचे मामा मांडीवर थाप मारून हसले. माझा एकेक शब्द खरा होता. आजही कुणी तपासून बघावा. खोटं होतं ते एवढंच, की त्या फोटोत त्यातलं काहीच झालं नव्हतं.

मुलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मोबाईल मीच आणून दिलाय. म्हणजे चूक माझीच." सगळे हसले. तीही हसली.

दोनेक दिवसांनी मुलाच्या आईचा मला फोन आला. मी फौंड्रीच्या गेटाबाहेर जाऊन घेतला. त्या फार नीट बोलल्या. "पावणं, राग मानू नका. पोरगी झ्याक हाय तुमची. कानाचं आमाला काय न्हाय. आमचा पोरगा तर म्हणतोय, मला कान आवडला. पण फोटूत एक आणि समोर एक, ह्ये आमच्या मालकास्नी पटंना झालंय. आज कान झाकला, उद्या आणि काय झाकलं असंल, असं म्हणत्यात. तुमी मोबाईलचं सांगितलंसा, पण..." आणि त्या थांबल्या.

त्या थांबल्या तेवढ्या जागेत मी बोलायला पाहिजे होतं. ताई, ते मी केलं, पोरीला ह्यातलं काही ठाऊक नाही. आठ-दहा शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, "बरं."

घरी येऊन सांगितलं, नाही म्हणाले. बायको उठून आत गेली. मुलगी बूट काढत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कानामुळं?"

मी चहाचा कप उचलला. आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याचा अर्थ 'हो' असा घेतात. मला ते माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

तिनं बूट नीट जोडीनं ठेवले आणि म्हणाली, "ठीक आहे."

ते ठीक नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात ती शाळेला निघाली तेव्हा तिचे केस डाव्या बाजूनं सोडलेले होते. एक जाड बट कानावरून खाली, पिनेनं बसवलेली. कुस्ती शिकवणारी मुलगी, ती. आण्णांनी तिला दारातच अडवलं. "काय गं, कान का झाकलास? थंडी वाजतीया व्हय?"

एरवी तिनं सरळ टोला दिला असता. ती म्हणाली, "तसंच, आण्णा. नवीन आहे," आणि जिना उतरून गेली. आण्णा कितीतरी वेळ दाराकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मी वर्तमानपत्र उघडलं.

त्या काळात मी फोटो काढणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, कॅमेरा बिघडलाय. काकू नातवाला घेऊन आल्या, त्यांनाही परत पाठवलं. मोबाईल खिशात जड वाटायचा. रोज सकाळी ती आरशापुढं ती बट बसवायची आणि मी खोलीत असलो तर उठून बाहेर जायचो. सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं, आणि रोज सकाळी ते वाक्य माझ्या तोंडाशी येऊन परत जायचं. मी सांगितलं तर तिला कानाचा कमीपणा उरणार नाही, पण बापाचा उरेल, अशी माझी मांडणी होती. ह्यात मी कुणाला वाचवत होतो, ते उघड आहे.

असेच काही महिने गेले. मग तिच्या शाळेनं मुलींसाठी एक जुनी खोली मोकळी करून दिली. खाली नवी मॅट, भिंतीला रंग. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दारावर बोर्ड लावू, त्यावर तुमचा फोटो पाहिजे. ती घरी येऊन फोटो शोधायला लागली. मेडल घेतानाचे होते, पण त्यांत आजूबाजूला सगळी गर्दी. संध्याकाळी ती माझ्यापाशी येऊन बसली.

"पप्पा, तो गच्चीवरचा होता ना? निळ्या साडीतला. चेहरा चांगला आलाय त्यात."

"हं."

"तोच देतो. कान नाही त्यात, तर नाही." मग म्हणाली, "पोरींना काय, बोर्डावर कान कशाला पाहिजे."

हे ती म्हणाली, आणि मला फौंड्रीत भोकं बुजवलेला तो नग आठवला. तसे नग मी हजारांनी परत पाठवलेत. हा एकच मी स्वतः भरला होता, आणि आता तो माझ्याच घरात, माझ्याच समोर, आपण धड आहोत असं दाखवायला शिकत होता.

मी मोबाईल काढला. फोटो उघडला. मूळ फोटो माझ्याकडंच होता. जो पाठवला तो गेला, त्यातला कान आता कुणालाही आणता येणार नाही. पण माझ्या मोबाईलमधल्यात मोबाईलनं टिपलेलं सगळं आत तसंच ठेवलेलं असतं. मी पट्टीवर अंगठा ठेवला आणि मागं घेतला.

कान परत आला. आधी सावली, मग कड, मग एकेक बुजलेली घडी, त्यावरचं ऊन. मी थांबलो नाही. पट्टी पार दुसऱ्या टोकाला नेली. मागची गच्चीही परत आली. पाण्याची टाकी, डिशची छत्री, काकूंच्या वाळत घातलेल्या मिरच्या. आणि टाकीच्या कडेला, उपड्या बादलीवर बसलेले आण्णा. ते त्या सकाळी उन्हाला वर आले होते हे मी साफ विसरलो होतो. फोटो काढताना मला ते दिसलेही नव्हते. अंगात बंडी, हातात चहाची बशी, आणि तोंड नातीकडं. बशी ओठापर्यंत नेता नेता थांबलेली. दोन्ही मोडके कान उन्हात. पुढं नातीचा एक, मागं आजोबांचे दोन.

मुलगी वाकून बघत होती. तिनं मोबाईल माझ्या हातातून घेतला, बोटांनी फोटो मोठा केला, आधी आण्णा बघितले, मग स्वतःचा कान. मग तिनं हाक मारली, "आण्णा! अहो आण्णा, इकडं या! तुम्ही आहात ह्यात!"

आण्णा आले. डोळे बारीक करून बघितलं. "बशीनं चहा पितोय की मी," म्हणाले. "पोरगी फोटूत आणि मी फुर्र फुर्र करतोय. काढून टाक मला."

"आजिबात नाही. असाच लावायचा."

"बोर्डावर? शाळेच्या?" आण्णांचा आवाज चढला, म्हणजे ते खूश झाले. "मग फेटा बांधून काढ की दुसरा."

"फेटा मोबाईल खातोय," ती म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो. मी हसलो, हे मला नंतर जाणवलं.

बोर्ड लागला. मी आण्णांना घेऊन बघायला गेलो. खोलीत मुली सूर मारत होत्या, पडत होत्या, ओरडत होत्या. बोर्डावर टाकी आहे, डिश आहे, मिरच्या आहेत, सगळं लख्ख. बोर्ड करणाऱ्यानं विचारलं होतं म्हणे, मागचं पुसून देऊ का, छान दिसेल. तिनं नको म्हणून सांगितलं. मला पोर्ट्रेट मोडचा राग नाही. काकूंना जिन्यात लग्नाचा हॉल मिळाला तो त्याच्यामुळंच, आणि तो मिळायलाच पाहिजे होता. पण काय मागं टाकायचं हे त्याला कळत नाही, आणि मला कळत होतं.

ती मॅटवर उभी होती. केस मागं ताणून बांधलेले. बट नाही, पीन नाही. एका मुलीची मान धरून तिला डाव दाखवत होती आणि ओरडत होती, "कान वाचवू नको, पाय बघ, पाय!"

आण्णा बोर्डाखाली खुर्ची टाकून बसले होते. मला जवळ बोलावलं. त्यांच्या मानानं हळू, म्हणजे निम्म्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मोबाईल शाणा झाला म्हणायचा."

"हं," मी म्हणालो.

"मोबाईल का मोबाईलवाला?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते मुलींकडं बघत होते. आण्णा जन्मभर मातीत माणसं ओळखत आले. ह्यापुढं त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण मला त्या दिवशी हलकं वाटलं, ते खरं.

ज्या संध्याकाळी कान परत आला, तेव्हाची एक गोष्ट मी सांगायची ठेवली आहे. आण्णा हसत हसत आत गेल्यावर मुलगी मोबाईल हातात धरून बसली होती. ती पट्टी तिनं एकदा पुढं नेली, एकदा मागं आणली. कान गेला, कान आला. मग तिनं विचारलं, "पप्पा, हे असं परत आणता येत होतं, तर तेव्हाच का नाही आणलं?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. साधा प्रश्न होता. तेवढ्यात आतून बायकोनं जेवायला हाक मारली आणि ती उठली. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारलेला नाही. मला वाटतं, ती वाट बघतेय. ती आण्णांची नात आहे, समोरच्यानं हालचाल करेपर्यंत थांबणं तिला येतं.

ह्या रविवारी ती मुलींना घेऊन पन्हाळ्याला पळायला जाणार आहे. सोबत या म्हणाली, फोटो काढायला. मी येतो म्हणालो. बऱ्याच महिन्यांनी कॅमेरा दुरुस्त झालाय. मुली गड चढून दम खात बसतील, तेव्हा मी तिला बाजूला घेणार आहे, आणि हे लिहिलेलं कुणाच्याही हाती पडण्याआधी तोंडानं सांगणार आहे.

फोटो मी तिला परत दिला आहे. उत्तर द्यायचं राहिलं आहे. तुझा कान मी पुसला, आणि ते स्थळ तुझ्या कानामुळं गेलं नाही, माझ्यामुळं गेलं. एवढं मी तिचं देणं लागतो.